ध्वनिसंपादनातील पातळी-नियंत्रण आणि क्लिपिंगची सूचना

ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी कमीजास्त करणारा फेडर, ती पातळी दाखवणारा मीटर आणि मर्यादा ओलांडल्यावर पेटणारा लाल दिवा यांची रचना. या तिघांचा मेळ बसला नाही, तर आवाज नेमका कुठे फाटला हे वापरणाऱ्याला कळत नाही आणि तो भलताच फेडर खाली ओढत बसतो.

डिजिटल ध्वनीतले प्रत्येक सॅम्पल, म्हणजे ध्वनितरंगाचे ठराविक क्षणी घेतलेले माप, हा एक आकडा असतो. १६ बिटांच्या फाइलमध्ये तो −३२,७६८ ते ३२,७६७ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. या कमाल मर्यादेला ० डीबीएफएस (डीबी म्हणजे डेसिबेल) म्हणतात, म्हणून तिच्याखालच्या सगळ्या पातळ्या ऋण आकड्यांत लिहितात. तरंगाचा माथा मर्यादेपलीकडे गेला की तो सपाट छाटला जातो. हेच क्लिपिंग. छाटलेल्या माथ्यामुळे मुळात नसलेले हार्मोनिक (मूळ कंपनाच्या पटीतले जादा स्वर) तयार होतात आणि आवाज करकरीत, फाटका येतो.

फेडरच्या रचनेत पहिला प्रश्न मोजपट्टीचा. कान आवाजातला फरक गुणोत्तराने जोखतो. फेडरची जागा सरळ तरंगाच्या उंचीशी जोडली, तर तो निम्म्यावर आणूनही पातळी जेमतेम ६ डेसिबेलने उतरते, आणि खरा बदल तळाच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबला जातो. म्हणून पट्टी डेसिबेलमध्ये आखतात, किंवा फेडरच्या जागेचा घन घेतात. लिनक्सवरच्या पल्सऑडिओत हीच घनाची पद्धत आहे. तिथे निम्म्यावर सुमारे १८ डेसिबेल कमी होतात. फेडरवर ० डीबीची खूण (आवाज आहे तसाच ठेवणारी जागा) ठळक हवी, तिच्यावर थोडी वाढवायला जागा हवी आणि अगदी तळाशी खरोखरची शांतता हवी. फेडर सरकताना पातळी टप्प्याटप्प्याने उडाली तर चरचर ऐकू येते. त्यामुळे प्रत्येक बदल काही मिलिसेकंदांत पसरवून करतात.

ऐकण्याचा आवाज आणि रेकॉर्डिंगचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) यांच्या एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या शेजारी ठेवणे, ही अनेक सॉफ्टवेअरांतली जुनी खोड आहे. स्पीकरचा आवाज कमी केल्याने फाटलेले रेकॉर्डिंग फक्त हळू आवाजात फाटलेले ऐकू येते.

अमेरिकेत १९३९ मध्ये तयार झालेला व्हीयू मीटर सुमारे ३०० मिलिसेकंदांत काटा पोहोचवत असे. बोलण्याची सरासरी पातळी त्यावर बरी कळे. टाळीसारखा क्षणिक आघात मात्र निसटून जाई. डिजिटल मीटर सॅम्पलगणिक मोजतो, पण तेवढ्यानेही भागत नाही. सॅम्पल मर्यादेत असले, तरी त्यांच्यामधून जाणारा प्रत्यक्ष तरंग वर उसळू शकतो. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) बीएस.१७७० ही शिफारस (२००६) त्यासाठी सॅम्पलिंगचा दर वाढवून खरा माथा मोजायला सांगते. युरोपातील प्रसारकांच्या आर १२८ या शिफारशीत (२०१०) सरासरी पातळी −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणि खऱ्या माथ्याची मर्यादा −१ डीबी आहे.

क्लिपिंगची सूचना क्षणभर चमकून विझली तर व्यर्थ. नजर त्या वेळी दुसरीकडे असते. म्हणून दिवा क्लिक करेपर्यंत पेटलेला ठेवतात आणि तरंगचित्रात त्या जागी लाल रेघ काढतात. केवळ रंगावर विसंबू नये. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांसाठी मर्यादेच्या किती डेसिबेल वर गेले ते सांगणारा ‘+२.४’ असा आकडा जास्त उपयोगी, आणि इतरांसाठीही तोच. उलट, वारंवार खोटी ओरड करणाऱ्या दिव्याकडे लोक पाहणेच सोडतात. एकच सॅम्पल कमाल मर्यादेला टेकले म्हणजे क्लिपिंग झाले असे नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधली क्लिपिंग शोधण्याची सोय सुरुवातीलाच सलग तीन सॅम्पलांची अट लावते.

त्याच सॉफ्टवेअरमधला ‘अॅम्प्लिफाय’ हा इफेक्ट पाहण्याजोगा आहे. तो उघडला की माथा बरोबर ० डीबीला टेकेल एवढी वाढ आधीच भरलेली असते. त्याहून मोठा आकडा टाकला की तो लागू करण्याचे बटण बंद पडते. क्लिपिंगला मुभा देणाऱ्या चौकटीत खूण केली तरच पुन्हा चालते. नुकसान होण्याआधी अडवायचे, पण जाणून करणाऱ्याला रोखायचे नाही, ही रीत लाल दिव्यापेक्षा सरस म्हणावी लागेल.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. ३२ बिट फ्लोटमध्ये (सॅम्पल दशांश आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत) ० डीबीच्या वरचे माथेही शाबूत राहतात. +३ वर गेलेला भाग ३ डेसिबेलने खाली आणला की जसाच्या तसा मिळतो. मायक्रोफोनचा सिग्नल डिजिटल होतानाच छाटला गेला असेल, तर मात्र तो माथा कायमचा गेला. दुरुस्तीची साधने त्या जागी अंदाजाने आकार भरतात. तरी पुष्कळदा दोन्हींसाठी एकच लाल दिवा पेटतो. ‘अजून सावरता येईल’ आणि ‘पुन्हा रेकॉर्ड करा’ या दोन सूचना वेगळ्या दिसायला हव्यात. न सांगता गुपचूप लिमिटर (माथे आपोआप खाली दाबणारे साधन) लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने दिवा शांत होतो, पण आवाज बदलतो.

फ्लोटची ही मुभा १६ बिटांची फाइल काढताना संपते. म्हणून निर्यातीच्या खिडकीतच कोणता माथा किती वर आहे ते दाखवून सगळी पातळी तेवढी उतरवण्याचा पर्याय द्यावा. एमपीथ्रीसारख्या प्रकारात दाबलेली फाइल पुन्हा उलगडताना माथे थोडे वाढू शकतात. त्यासाठी निदान १ डेसिबेलची जागा मोकळी ठेवतात.