2 चा 67 वा घात वजा 1 : पार्श्वभूमी

धरमपेठेतील आमच्या गणितवर्गात पुढच्या वेळी जी संख्या फळ्यावर येणार आहे, ती 14,75,73,95,25,89,67,64,12,927 अशी एकवीस अंकी आहे. एकं-दहं-शतंची आपली पारंपरिक मालिका अठराव्या स्थानी, परार्धावर, थांबते. ही संख्या सुमारे 1,476 परार्ध भरते.

1644 साली पॅरिसमधील एका धर्मोपदेशकाने 257 पर्यंतचे कोणते घातांक घेतले असता 2 च्या घातातून 1 वजा करून मूळ संख्या मिळते, याची यादी छापली: 2, 3, 5, 7, 13, 17, 19, 31, 67, 127 आणि 257. यातील 67 हा घातांक पुढे वादाचा ठरला. 1883 मध्ये रशियातील एका खेड्यातल्या पाद्रीने 61 या घातांकाची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले, आणि 1644 च्या यादीत 61 च असावा, छापताना 1 च्या जागी 7 पडला असावा, असा बचाव पुढे आला. हा बचाव आजही आदराने सांगितला जातो. तो फार उदार वाटतो. यादीतून 89 आणि 107 हेही सुटले होते (ते अनुक्रमे 1911 व 1914 मध्ये सापडले), आणि 257 तर चुकीने आत आला होता, तेव्हा एका खिळ्याच्या चुकीवर सगळे ढकलता येत नाही. शिवाय पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे पाहायला सारा काळही अपुरा पडेल, हे यादीकर्त्याने स्वतःच नमूद केले होते. म्हणजे यादीचा बराच भाग अंदाजच होता.

खरा निकाल 1876 चा आहे. एका फ्रेंच गणितज्ञाने त्या वर्षी 67 या घातांकाची ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, तेही एकही अवयव न सांगता. 1930 मध्ये सुटसुटीत झालेल्या रूपात ती कसोटी अशी आहे: 4 पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, 2 वजा करायचे आणि दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. येथे पासष्टाव्या पायरीला बाकी शून्य उरत नाही.

1903 साली न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकी प्राध्यापकाने 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 हे अवयव मांडले. त्याने एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला, असे सांगतात. किस्सा रंगतदार असल्याने श्रेय तिकडेच झुकते. अशा संख्येचा प्रत्येक अवयव 134 च्या (म्हणजे 67 च्या दुपटीच्या) पटीत 1 मिळवून येतो, आणि लहान अवयवासाठी ती पट 14,45,580 आहे. नऊचा ताळाही जमतो: दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज शेवटी 1, गुणाकाराचीही 1.

जुन्या यादीची पूर्ण तपासणी 1947 पर्यंत झाली. 1952 पासून हे काम संगणकांकडे गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये 13,62,79,841 या घातांकाची, 4,10,24,320 अंकी मूळ संख्या जाहीर झाली, तेव्हा तिची अखेरची खात्रीही याच वर्ग करून 2 वजा करण्याच्या कसोटीने केली गेली.