दहाचे एक झाले, उरलेल्या सातांचं काय?

काल 3 रुपयांना मिळणारा शेअर आज सकाळी मोबाइलवर 30 रुपये दाखवतो. जुने भाव दुरुस्त न केलेल्या आलेखावर ही 900 टक्के वाढ दिसते आणि व्हॉट्सॲपवर लगेच ‘दहापट झाला’ सुरू होतं. प्रत्यक्षात वाढ शून्य. कंपनीने दहा जुन्या शेअरांचा एक नवा केलेला असतो. कायद्याच्या भाषेत हे शेअरांचं एकत्रीकरण. बाजारात सगळे ‘रिव्हर्स स्प्लिट’च म्हणतात. डझनाचे सुटे खोके पाच डझनांच्या पेटीत रचले, तर नग घटतात, आंबे तेवढेच राहतात.

घोळ होतो तो पेटी न भरणाऱ्या उरल्यासुरल्यांचा. देवगडच्या एखाद्या बागायतदाराकडे 8 रुपयांनी घेतलेले 1,037 शेअर आहेत असं धरू. 3 रुपये भावाने त्यांची किंमत 3,111 रुपये. एकत्रीकरणानंतर हाती येतात 103 शेअर, 30 रुपयांप्रमाणे 3,090 रुपयांचे. सात जुने शेअर उरतात, म्हणजे 0.7 नवा शेअर. असा अर्धामुर्धा शेअर डिमॅट खात्यात जमा होत नाही. साधारणपणे सगळ्यांचे असे तुकडे एका विश्वस्ताकडे गोळा होतात, तो ते बाजारात विकतो आणि खर्च वजा जाता प्रत्येकाचा वाटा बँकेत येतो. इथे सुमारे 21 रुपये. खरेदीचा भाव आता 8 ऐवजी 80 धरायचा. म्हणजे त्या तुकड्याची खरेदी 56 रुपयांची, विक्री 21ची, तोटा 35 रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ती प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायची असते.

ज्याच्याकडे नऊच शेअर, तो मात्र भागधारकच राहत नाही. गुणोत्तर दहाऐवजी हजारास एक असेल, तर छोट्यांची सरळ गच्छंती होते. म्हणूनच कंपनी कायदा 2013च्या कलम 61मध्ये अट आहे: एकत्रीकरणामुळे मतांच्या टक्केवारीत फरक पडणार असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते.

आधी संचालक मंडळाचा ठराव, मग भागधारकांचं मतदान, मग रेकॉर्ड तारीख, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत हे ज्या दिवशी धरलं जातं तो दिवस. दर्शनी किंमत, म्हणजे शेअरची कागदोपत्री मूळ किंमत, बदलते (उदाहरणार्थ 1 रुपयाची 10), त्यामुळे शेअरची ओळख असलेला आयएसआयएन क्रमांकही बदलतो. जुना क्रमांक बंद होऊन नवे शेअर जमा होईपर्यंत विक्री करता येत नाही. पैशांची निकड असेल तर रेकॉर्ड तारखेच्या आधीच काय ते उरकावं. लावून ठेवलेल्या जुन्या ऑर्डरी रद्द होतात, त्या नव्या भावाने पुन्हा टाकाव्या लागतात. काही ॲपवर सरासरी खरेदीभाव शून्य किंवा भलताच दिसतो. अशा वेळी जुनी कॉन्ट्रॅक्ट नोटच (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) कामाला येते.

मग कंपन्या हे करतात कशासाठी? अमेरिकेत कारण रोकडं आहे. नॅसडॅक या शेअर बाजारात भाव सलग 30 कामकाजी दिवस 1 डॉलरखाली राहिला की नोटीस येते, आणि भाव सुधारला नाही तर यादीतून बाहेर पडायची वेळ येते. आपल्याकडे असा किमान भावाचा नियम नाही. इथे मुख्यतः ‘चिल्लर शेअर’ हा शिक्का पुसायचा असतो. थोडं तांत्रिक कारणही आहे: 60 पैशांच्या शेअरमध्ये एका पैशाची हालचाल म्हणजे दीड टक्क्याहून जास्त, त्यामुळे भाव उड्या मारतो.

एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने नवे शेअर विकायला कायद्याची मनाई आहे. ती अडचण एकत्रीकरणाने सुटेल असं अनेकांना वाटतं. सुटत नाही. दर्शनी किंमत 10 असेल, तर भाव 3चा 30 होताना तीही 100 होते. दर्शनी किंमत खाली आणायची तर भांडवल कपात (कंपनीचं भागभांडवल कमी करणं) करावी लागते, ती प्रक्रिया वेगळी. नोटिशीत दोन्ही एकदम असतील, तर कपातीचा परिच्छेद आधी वाचावा.

सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने मे 2011मध्ये दहाचा एक केला. सुमारे 2,900 कोटी शेअरांचे 290 कोटी झाले, साडेचार डॉलरचा भाव 44च्या आसपास गेला. पण बँकेच्या ताळेबंदातल्या कर्जांना त्याने काही फरक पडला नाही. कंपनीचा धंदा बुडत असेल, तर 30चा शेअर पुन्हा 3वर यायला कोणी अडवत नाही, आणि या वेळी तो खरोखरचा 90 टक्के तोटा असतो. म्हणून एकत्रीकरणाच्या नोटिशीपेक्षा मागच्या चार तिमाह्यांचे निकाल आणि प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवलेत, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

कोकणात आणखी एक अडचण आहे. मुंबईत गिरणीत किंवा कचेरीत नोकरी केलेल्यांनी घेतलेले कागदी शेअर गावच्या घरात ट्रंकेत असतात, आणि कंपनीच्या दप्तरी पत्ता लालबागच्या खोलीचा. नोटीस तिकडेच जाते. 1 एप्रिल 2019पासून कागदी शेअरांची विक्री होत नाही. ते आधी डिमॅट करावे लागतात. त्यासाठी कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे पॅन, बँक खातं आणि सध्याचा पत्ता नोंदवावा लागतो. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल, तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथून परत मागण्याचा अर्ज म्हणजे आयईपीएफ-5. मधल्या काळात एकत्रीकरण झालं असेल, तर ट्रंकेतल्या प्रमाणपत्रावर 500 शेअर लिहिलेले असले तरी मिळणार ते 50च.