हिमयुगोत्तर भू-उत्थान

हिमयुगात बर्फाच्या भाराने खचलेली जमीन बर्फ वितळल्यावर हळूहळू वर येते, या प्रक्रियेला हिमयुगोत्तर भू-उत्थान म्हणतात. स्कँडिनेव्हिया आणि कॅनडातील हडसन उपसागराचा परिसर ही तिची ठळक क्षेत्रे. पायाखालचा घन खडक वाहतो, याचा एवढा उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडतो.

स्वीडन व फिनलंड यांच्यामधल्या बॉथ्नियाच्या आखातात पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणारे खडक शिकाऱ्यांना मोलाचे वाटत, कारण त्यांवर सील येऊन पहुडत. काही पिढ्यांनी तोच खडक इतका उंच होई की सीलला चढता येईना. असे खडक अँडर्स सेल्सियस (तापमापकाच्या अंशांना ज्याचे नाव आहे तोच) याने अभ्यासले आणि १७३१ मध्ये येव्ले शहराजवळ एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. समुद्र आटतो आहे, असे त्याला वाटले. निरीक्षण चोख, निष्कर्ष मात्र उलटा! जमीन बर्फाच्या भाराने खचली होती, हा विचार स्कॉटलंडच्या टॉमस जेमिसनने १८६५ मध्ये मांडला.

स्कँडिनेव्हियावरचा बर्फाचा थर मध्यभागी सुमारे ३ किमी जाड होता. त्याखाली पृथ्वीचे कवच वाकले आणि प्रावरणातील (कवचाखालच्या जाड थरातील) खडक बाजूला सरकला. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी बर्फ गेला. सरकलेला खडक अजून परततो आहे. स्वीडनच्या ‘उंच किनाऱ्या’वर प्राचीन समुद्रकाठाच्या खुणा आज २८५ मीटर उंचीवर दिसतात. आखाताच्या उत्तर भागात जमीन वर्षाला जवळपास १ सेंमी वर येते.

प्रावरण म्हणजे लाव्हारसाचा समुद्र, हा समज चुकीचा आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात; म्हणजे ते घनच आहे. मात्र १,३०० अंश सेल्सियसच्या आसपास स्फटिकांतले अणू जागा बदलत राहतात, स्फटिकांतील दोष सरकतात आणि खडक न वितळताच आकार बदलतो. गुळाची ढेप बत्त्याने फोडली तर तुकडे उडतात. तीच पावसाळ्यात कोपऱ्यात राहिली तर बसते, पसरते. प्रश्न किती वेळ दिला याचा आहे. काही सेकंदांच्या भूकंपलहरीला प्रावरण स्प्रिंगसारखे उत्तर देते, हजारो वर्षांच्या बर्फाला काकवीसारखे. या दोन वागणुकींची सीमा काही शतकांच्या आसपास येते.

उंचावलेल्या किनाऱ्यांच्या वयावरून नॉर्मन हॅस्केलने १९३५ मध्ये प्रावरणाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) काढली: सुमारे १०²¹ पास्कल-सेकंद. मधाची साधारण १० असते. हॅस्केलचा आकडा आजही फारसा बदललेला नाही.

फिनलंडच्या क्वार्केन द्वीपसमूहात दरवर्षी सुमारे १ चौ. किमी नवी जमीन पाण्याबाहेर येते. होड्यांचे धक्के कोरडे पडतात, मग ते पाण्याच्या दिशेने पुढे न्यावे लागतात.