विरळ हवेचा हिशेब आणि बोइंगची साठ वर्षं

मुंबईहून इथिओपियाच्या राजधानीमार्गे, म्हणजे अदिस अबाबामार्गे, अमेरिकेला जाणाऱ्या लोकांना एक कोडं हमखास पडायचं. वॉशिंग्टनहून अदिसला येणारं विमान थेट येतं, पण अदिसहून वॉशिंग्टनला जाताना तेच विमान बरीच वर्षं वाटेत डब्लिनला उतरायचं. विमान तेच, अंतर तेच, मग जाताना थांबा कशाला? यावर ऐकलेलं सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे "गरीब देश आहे हो, जुनी भंगार विमानं असणार". तर इथिओपियन एअरलाइन्सने बोइंगचं ७८७ ड्रीमलायनर ऑगस्ट २०१२ मध्ये घेतलं, आफ्रिकेत सगळ्यांच्या आधी, आणि आपल्या एअर इंडियाच्याही थोडं आधी. त्यामुळे भंगारवाला मुद्दा इथेच बाद.

पश्चिमेकडे जाताना वारा समोरून लागतो हे एक कारण आहेच. पण माझ्या आवडीचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे अदिसचा बोले विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३३० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अजून जवळपास सातशे मीटरचा डोंगर ठेवा, त्याच्यावर धावपट्टी बांधा आणि आता तिथून २०० टनाच्या वर वजनाचं विमान उडवा बघू.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच असतो, दुपारी २३ अंश तापमान धरलं तर एक घनमीटर हवेचं वजन भरतं साधारण ०.९ किलो, मुंबईत ३२ अंशाला तेच १.१६ किलोच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या मानाने २२ टक्के हवा गायब! विमानाच्या दृष्टीने बघितलं तर ते २,३३० नाही, ३,१०० मीटर उंचीवर उभं आहे, कारण विमानाला मीटर कळत नाहीत, फक्त हवेची घनता कळते.

आता पंखाचं काय होतं बघा. पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेच्या पटीत असते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. घनता ०.७८ पट झाली तर तेवढंच वजन उचलायला वेगाचा वर्ग १.२९ पट करावा लागतो, म्हणजे वेग साधारण १३-१४ टक्के जास्त. मुंबईत ताशी २७० किलोमीटर वेगाला उचललं जाणारं विमान अदिसला ३०६ ला उचललं जाईल. गंमत म्हणजे कॉकपिटमधला काटा दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो, कारण तो काटाही हवेच्या दाबावरच चालतो, पण खाली टायर मात्र खरोखर ३०६ नेच फिरत असतात आणि टायरला वेगाची मर्यादा असते. इंजिनचीही तीच रड, इंजिन म्हणजे हवा आत घेऊन जोरात मागे फेकणारं यंत्र, हवाच कमी तर फेकणार काय, जोरही ढोबळमानाने घनतेच्या प्रमाणात उतरतो. धावपट्टीवरचं अंतर वेगाचा वर्ग भागिले त्वरण या प्रमाणात बदलतं, वर १.२९ आणि खाली ०.७८, भागाकार आला १.६५. मुंबईत १,८०० मीटर धावणारं विमान अदिसला त्याच वजनाला ३,००० मीटरच्या घरात जातं. (हे कागदावरचं गणित आहे, खरे पायलट कंपनीचे तक्ते वापरतात.)

आणि एवढ्यावर भागत नाही. नियम असा की उड्डाणाच्या ऐन मोक्याला एक इंजिन बंद पडलं तरी विमान वर चढत राहिलंच पाहिजे, दोन इंजिनांच्या विमानाला चाकं आत घेतल्यावर कमीत कमी २.४ टक्के चढ जमला पाहिजे. आता विचार करा, चार इंजिनांतलं एक गेलं तर तीन उरतात म्हणजे ७५ टक्के जोर, दोनातलं एक गेलं तर उरतो ५० टक्केच. म्हणून दोन इंजिनवाल्या विमानाला मुळातच जास्तीची ताकद देऊन ठेवावी लागते, आणि दोन्ही इंजिनं ठणठणीत असतात तेव्हा ही सगळी ताकद बोनस मिळते. लोकांना वाटतं चार इंजिनं म्हणजे जास्त दणकट, डोंगरावर बऱ्याचदा उलटं असतं. ७५७ हे लांबुडकं विमान उंचावरच्या विमानतळांसाठी प्रसिद्ध होतं ते याच ताकदीमुळे, आणि इथिओपियनने तेही वापरलं.

तर डब्लिनचं उत्तर सोपं आहे. लांबच्या उड्डाणाला टाकी भरून इंधन घ्यायचं म्हणजे ७८७ मध्ये १०० टनांपर्यंत ओझं, अदिसच्या हवेत तेवढं वजन उचलवत नाही, म्हणून इंधन कमी घ्यायचं, हलकं उडायचं आणि समुद्रसपाटीजवळच्या डब्लिनला टाकी भरायची. येताना वॉशिंग्टनची हवा दाट, तिथे पूर्ण वजन घेऊन निघता येतं, आणि अदिसला पोचेपर्यंत इंधन जळून विमान हलकं झालेलं असतं.

बोइंगचं आणि इथिओपियाचं इतकं का जमलं हे याच हिशेबातून बघायला मला आवडतं. इथिओपियन एअरलाइन्स डिसेंबर १९४५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीच्या मदतीने स्थापन झाली, पहिलं उड्डाण एप्रिल १९४६ मध्ये कैरोला, महायुद्धातल्या उरलेल्या सी-४७ विमानाने. १९६२ च्या शेवटी बोइंगची दोन ७२०बी जेट आली. ७२० म्हणजे ७०७ चा हलका भाऊ, तुलनेने आखूड धावपट्टीवरून उडायला केलेला. तरी अदिसचा जुना लिडेटा विमानतळ जेटला पुरेना, म्हणून बोलेला नवा बांधावा लागला. मग १९७४ मध्ये सम्राट पदच्युत झाले, लष्करी मार्क्सवादी राजवट आली, देश मॉस्कोच्या गोटात गेला आणि तरीही ह्यांनी बोइंग ७६७ घेतलं! १ जून १९८४ ला ते वॉशिंग्टनहून अदिसला न थांबता आलं, १२,००० किलोमीटरच्या वर, १३ तास १७ मिनिटांत, दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचा तेव्हाचा विक्रम. दिशा लक्षात आली ना? वॉशिंग्टनहून अदिसला, उलटी नाही. राजकारण, कर्ज, कमिशन हे सगळं विमानखरेदीत असतंच, पण घनतेला विचारसरणी नसते.

नुसती विक्रीच झाली असं नाही, अदिसमध्ये बोइंगसाठी विमानातल्या वायरींचे जुडगे तयार होतात, आणि नवीन विमान ताब्यात घेऊन येताना रिकाम्या जागेत औषधं, वैद्यकीय सामान भरून आणायची प्रथाही दोघांनी पाडली. २०१६ पासून एअरबसचं ए३५० पण आहे ताफ्यात, त्यामुळे एकनिष्ठा वगैरे समजू नका.

आणि १० मार्च २०१९. बोलेहून निघालेलं इथिओपियनचं बोइंग ७३७ मॅक्स सहा मिनिटांत बिशोफ्तूजवळ कोसळलं, १५७ माणसं गेली. पंखाला हवा कुठल्या कोनात लागते हे मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस नावाची यंत्रणा, आणि तो सेन्सर चुकीचं सांगत होता. चार-साडेचार महिन्यांपूर्वी इंडोनेशियात याच यंत्रणेमुळे १८९ जीव गेले होते. तरी पहिला सूर काय, तर आफ्रिकन पायलटचं ट्रेनिंग कच्चं असेल. मला याचा अजून राग येतो.

जाता जाता, १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी पाऱ्याच्या इंजिनवर विमान उडवलं असा मेसेज दरवर्षी फिरतो. पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, उचल किती, वजन किती, हवेची घनता किती धरली. उत्तर आलं तर मलाही पाठवा.

आता अदिसपासून सुमारे ४० किलोमीटरवर, त्याच बिशोफ्तूच्या बाजूला, मोठा नवा विमानतळ ठरलाय. बोलेला जागा पुरत नाही हे आहेच, पण ती जागा साधारण ४०० मीटरने खाली आहे. हवा चार-पाच टक्के दाट, आणि धावण्याचं अंतर घनतेच्या वर्गाने कमी होतं म्हटल्यावर आठ-दहा टक्के धावपट्टी वाचली, किंवा तेवढीच वापरून काही टन इंधन जास्त भरलं.