नवा पंप, जुनं तेल

तेलाच्या दाबावर मशीन चालवणारा हायड्रॉलिक पंप निकामी झाला, नवा बसवला, मशीन चालू झालं. सगळे खूश. आणि थोड्याच दिवसांत नवा पंपही कुरकुरायला लागतो. मग माल डुप्लिकेट होता म्हणून विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली जातात. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा जुन्या पंपाचा मारेकरी टाकीतच बसलेला असतो आणि आपण त्याच्या हाती नवं सावज दिलेलं असतं.

हा मारेकरी म्हणजे तेलातला बारीक कण, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पिस्टन पंपाच्या आत सरकणाऱ्या भागांमध्ये जेमतेम काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असते, आणि त्या फटीतला तेलाचा थर हाच त्यांचा आधार. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे पंपाला ओरबाडणारा कण बोटावर घेतला तरी कळणार नाही. ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

जुना पंप मरताना स्वतःचाच चुरा प्रणालीभर उधळून जातो. टाकी रिकामी केली तरी सिलिंडर, होज पाइप आणि कूलर यांत तेल उरतंच, त्यासोबत चुराही. सगळ्यांत वाईट तेल थंड करणारा कूलर. त्याच्या अरुंद वाटांमधून कण पुरते निघत नाहीत. पंपाचे आत तुकडे झाले असतील तर मी कूलर धुण्याच्या भानगडीत न पडता तो बदलायला सांगेन. बॅरलमधलं नवं तेलही फिल्टरमधूनच टाकीत भरावं. तेलाच्या स्वच्छतेसाठी आयएसओ ४४०६ नावाचं मानक आहे. त्यात तीन आकारांच्या कणांचं प्रमाण तीन आकड्यांत सांगतात. त्यातला १८/१६/१३ हा दर्जा चांगला समजतात, तरी त्यातही एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनहून मोठे १,३०० ते २,५०० कण असू शकतात!

सुरू करण्याआधी पंपाच्या पोटात, म्हणजे केसमध्ये, तेल भरायचं. हे विसरलात तर पंप कोरडा फिरतो आणि काही सेकंदांत घासला जातो. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, सैल ठेवून मोटर क्षणभर चालू-बंद करायची, फिरण्याची दिशा बघायची, मग काही मिनिटं बिनलोड चालवायचं. सिलिंडर सावकाश आतबाहेर केले की अडकलेली हवा निघते. टाकीतली पातळी उतरते, ती भरून घ्यायची.

हवेचं प्रकरण जरा फसवं आहे. साध्या हवेच्या दाबाला खनिज तेलात आकारमानाच्या सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. सक्शनची, म्हणजे पंप टाकीतून तेल ओढतो त्या बाजूची, जाळी तुंबली की तिथला दाब घसरतो, बुडबुडे सुटतात आणि पुढे जास्त दाबाखाली फुटतात. पंपात खडे टाकल्यासारखा आवाज येतो. सक्शनचा क्लॅम्प सैल असेल तर बाहेर तेलाचा एक थेंबही दिसत नाही, कारण तिथून तेल गळत नाही, हवा ओढली जाते. सांध्यांवर एकेक करून तेल सोडायचं. ज्या सांध्यावर आवाज बदलला, तोच चोर.

दाबाच्या बाजूची गळती शोधताना मात्र हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. २०० बारची, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाची, सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

पहिले ५० एक तास झाले की फिल्टर बदलायचा, आणि जुना फेकायचा नाही. कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडायच्या, वरून चुंबक फिरवायचं. चिकटलं ते लोखंड. न चिकटणारी पिवळी चमक म्हणजे पितळ किंवा ब्राँझ, बहुधा पंपाच्याच आतलं. अशी चमक भरपूर दिसली तर काम थांबवून, पण पंप चालू ठेवून, केस ड्रेनमधून, म्हणजे आतल्या फटींतून केसमध्ये झिरपलेलं तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून, मिनिटाला किती तेल येतं ते मोजायचं. पंप नवा असताना हाच आकडा त्याच लोडला, त्याच तापमानाला मोजून टाकीवर मार्करनं लिहून ठेवला असेल, तर पंप किती झिजला ते लगेच कळतं.