फासेलिस की ओलिंपोस? अंताल्याजवळची दोन किनारी शहरं

तुर्कस्तानातल्या अंताल्याहून केमेरच्या दिशेने समुद्राच्या कडेने निघालं की साधारण तासाभरात फासेलिसचा फाटा लागतो, आणि तोच रस्ता पुढे ओलिंपोसच्या फाट्याला जातो. दोन्हीकडे भूमध्य समुद्र, पाइनची झाडं, प्राचीन लिसिया प्रांतातल्या शहराचे अवशेष आणि त्यांना खेटून पोहण्याजोगा किनारा. सहलीच्या जाहिरातींत यातला कुठला फोटो कुठला, हे पटकन सांगता येत नाही.

त्यात ‘ओलिंपोस टेलेफेरिक’ नावाचा रोपवे आणखी घोळ घालतो. हा रोपवे २,३६५ मीटर उंच ताहताली डोंगरावर नेतो, पण त्याचं खालचं स्टेशन ओलिंपोसच्या अवशेषांपाशी नाही. ते तेकिरोवाजवळ, म्हणजे फासेलिसच्या बाजूला आहे. ग्रीक देवांचा ऑलिंपस पर्वत तर वेगळाच. तो ग्रीसमध्ये.

फासेलिस हे मोकळं, उजेडातलं शहर. इ.स.पू. ७व्या शतकात ऱ्होड्स बेटावरच्या ग्रीकांनी ते वसवलं. आख्यायिका अशी, की ही जमीन त्यांनी एका मेंढपाळाकडून सुक्या मासळीच्या बदल्यात घेतली. सौदा कोणाच्या फायद्याचा झाला हे उघड आहे, कारण समुद्रात घुसलेल्या या छोट्या भूशिराला एक-दोन नव्हे, तीन बंदरं आहेत. शहराचा मुख्य रस्ता मधल्या बंदरापासून निघतो आणि दक्षिणेच्या बंदरावर संपतो. रुंद, फरसबंदी, दोन्ही बाजूंना स्नानगृहं आणि चौकांचे अवशेष. दक्षिणेच्या टोकाला सम्राट हेड्रियनच्या भेटीनिमित्त उभारलेल्या कमानीचे दगड पडले आहेत. थोडं चढून गेलं की लहानसं थिएटर लागतं. पायऱ्यांवर बसलं की समोर ताहताली.

हे सगळं बघायला दीड-दोन तास पुरतात, चालणं बहुतेक सपाट आहे आणि शहराची मांडणी गाइडशिवायही कळते. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून फासेलिसच सांगेन. दक्षिणेच्या किनाऱ्यावर वाळू आहे, खाडीत पाणी शांत असतं. एकच अडचण: केमेरहून निघणाऱ्या दिवसभराच्या बोटी इथे नांगर टाकतात आणि दुपारी गाण्यांचा कल्लोळ सुरू होतो. त्यातले बरेच जण पोहून, जेवून परत जातात, शंभर पावलांवरचा तो रस्ता न बघताच. म्हणून सकाळी लवकर, आणि शक्यतो रस्त्याने जावं.

ओलिंपोस याच्या बरोबर उलट, लपलेलं. डोंगरांमधून एक ओढा समुद्राकडे येतो आणि शहर त्याच्या दोन्ही काठांवर विभागलेलं आहे. तमालपत्राची झाडं, कण्हेर, अंजीर, वेली यांनी भिंती अशा गिळल्या आहेत की एखादं देवालयाचं दार अचानक समोर उभं राहतं. इथे नकाशा हातात असला तरी वाट चुकते, आणि चुकावीच. ओढ्याच्या मुखाजवळ यूदेमोस नावाच्या कप्तानाची दगडी शवपेटी आहे. तिच्यावर त्याचं जहाज कोरलंय आणि ते आता शेवटच्या बंदरात नांगरलंय अशा अर्थाच्या ओळी आहेत. या किनाऱ्यावरची एकच वस्तू बघायची असेल तर माझं मत तिला.

एकेकाळी लिसियन संघात, म्हणजे लिसियातल्या शहरांच्या संघटनेत, ज्या सहा मोठ्या शहरांना प्रत्येकी तीन मतं होती, त्यांत ओलिंपोस होतं. पुढे झेनिकेतेस या चाच्याने इथे ठाण मांडलं. फासेलिसही त्याच्याच ताब्यात होतं. इ.स.पू. ७०च्या दशकात रोमन सेनापती सर्व्हिलियसने हा प्रदेश जिंकला, तेव्हा झेनिकेतेसने घरादारासह स्वतःला जाळून घेतलं, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो.

ओलिंपोसचा किनारा गोट्यांचा आहे. कोकणातल्या वाळूची सवय असलेल्या पायांना तो टोचतो. रबरी चपला हव्यातच. तोच किनारा पुढे चिराली गावापर्यंत पसरलेला आहे आणि उन्हाळ्यात तिथे लॉगरहेड कासवं अंडी घालतात. वेळासचा कासव महोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना घरट्यांवरची कुंपणं ओळखीची वाटतील, फक्त वेळासची कासवं ऑलिव्ह रिडले.

चिरालीच्या वर यानार्ताश आहे. खडकाच्या भेगांतून झिरपणारा मिथेन इथे अहोरात्र जळत असतो. ग्रीकांनी किमेरा या आग ओकणाऱ्या राक्षसी प्राण्याची कथा याच परिसराला जोडली. रोमन लेखक प्लिनीने मात्र हा जळता डोंगर फासेलिसच्या मुलखात असल्याचं लिहिलंय, त्यामुळे दोन शहरांची सरमिसळ रोमन काळापासूनचीच म्हणायची. ज्वाळा अंधारातच खुलतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची चढण संध्याकाळी, बॅटरी घेऊन, आणि मुक्काम तिथेच. सकाळी येऊन संध्याकाळी अंताल्याला परतणाऱ्याच्या हाती ओलिंपोस अर्धंच लागतं.

दोन्ही ठिकाणी प्रवेशाला तिकीट आहे. जुलै-ऑगस्टचं ऊन सोसत नसेल तर मे किंवा ऑक्टोबर गाठा. ऑक्टोबरात समुद्र अजून कोमट असतो. बसने जाणार असाल तर ड्रायव्हरला ‘ओलिंपोस’ एवढंच सांगू नका. हमरस्त्यावर ओलिंपोस आणि चिराली यांचे फाटे वेगवेगळे आहेत, दोन्हींवरून खाली उतरायला छोट्या गाड्या मिळतात. झाडांवरच्या लाकडी खोल्या आणि तरुणांची गर्दी हवी असेल तर पहिला, शांत घरगुती मुक्काम आणि यानार्ताश हवं असेल तर दुसरा. चिरालीत उतरलात तरी किनाऱ्याने चालत अवशेषांपर्यंत जाता येतं.