गोदावरीच्या चौकटीत पुणे

पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या नकाशांसाठीच्या जोडीत, स्पेशियल इंडेक्स (जागेनुसार लवकर शोधायची सूची) केला तरी नकाशा रखडतो, अशी तक्रार नेहमीची आहे. इंडेक्स नेमकं काय साठवतो ते कळलं की कारण सापडतं. त्यात आकार नसतोच. आकाराभोवतीच्या आयताकृती चौकटीचे चार आकडे असतात. शेजारच्या चौकटी मोठ्या चौकटीत, त्या आणखी मोठीत, अशी उतरंड म्हणजे आर-ट्री. अँटोनिन गटमन यांनी ती १९८४ मध्ये मांडली. शोध घेताना आधी चौकटी जुळवून उमेदवार निवडले जातात, मग फक्त त्यांचे खरे आकार तपासले जातात. वेळ खातो तो हा दुसरा टप्पा.

आता गोदावरी घ्या. त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत ती तिरकी वाहते. सगळी नदी एकाच नोंदीत ठेवली, तर तिच्या चौकटीत पुणे, सोलापूर आणि चक्क हैदराबादही येतं! सोलापुरातली विहीर शोधायला गेलं तरी गोदावरीचे हजारो बिंदू तपासले जाणार. यावर एसटी_सबडिव्हाइड हे फंक्शन वापरून नदीचे तुकडे करावेत. वेगळी मर्यादा दिली नाही तर एका तुकड्यात जास्तीत जास्त २५६ बिंदू राहतात. प्रत्येक तुकड्याला मूळ नदीचा क्रमांक द्या आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, पुनरावृत्ती गाळणारं डिस्टिंक्ट घाला, नाहीतर एकच नदी अनेकदा हाती येईल.

बाकीचा दोष बहुतेकदा क्वेरीत असतो. एसटी_डिस्टन्सने अंतर काढून ‘५०० पेक्षा कमी’ अशी अट घातली, तर इंडेक्सला हातही लागत नाही, प्रत्येक नोंदीचं अंतर मोजलं जातं. तिथे ‘इतक्या अंतराच्या आत आहे का’ हे इंडेक्स वापरून तपासणारं एसटी_डीविदिन हवं. पण जॉमेट्री (सपाट पृष्ठभाग धरणाऱ्या) प्रकारचा डेटा ४३२६ क्रमांकाच्या निर्देशांक-प्रणालीत, म्हणजे अक्षांश-रेखांशांत असेल, तर ते ५०० मीटर नव्हे, ५०० अंश ठरतात आणि सगळाच तक्ता परत येतो. मग कोणी अटीतच स्तंभावर प्रणाली बदलणारं एसटी_ट्रान्सफॉर्म लावतो. मूळ स्तंभावरचा इंडेक्स पुन्हा निरुपयोगी. पुणे-मुंबईच्या कामाला ३२६४३ या मीटरमधल्या प्रणालीत बदललेला वेगळा स्तंभ ठेवून त्यावर जिस्ट (पोस्टजीआयएसचा आर-ट्री पद्धतीचा) इंडेक्स करणं सोयीचं.

डेटा एकगठ्ठा भरायचा असेल तर इंडेक्स नंतर बांधा आणि तक्त्याची आकडेवारी ताजी करायला अ‍ॅनलाइझ चालवा. क्वेरी कशी चालणार ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्ये मोठ्या तक्त्यावर ‘सेक स्कॅन’ (इंडेक्स सोडून सगळा तक्ता वाचणं) दिसलं तर अट तपासा. शेकडाभर नोंदींच्या तक्त्यावर मात्र तेच योग्य असतं.

अख्खं राज्य एकदम पडद्यावर आणायचं असेल, तर इंडेक्सचा उपयोग जवळपास शून्य, कारण गाळायला काही उरतच नाही. तिथे सोप्या केलेल्या आकारांचा वेगळा थर लागतो.